अश्रू, प्रार्थना आणि मृत्यूचा दाखला

पेठ वडगाव आणि भोवतालच्या गावांतील ख्रिस्ती घरांत एखादे मयत झाले, दफनविधी उरकला आणि आलेली मंडळी परतली, म्हणजे मागे राहिलेली माणसे पाळकांस व वडीलधाऱ्यांस दबत्या आवाजात जे प्रश्न विचारतात ते बहुधा तेच ते असतात. रडू आवरत नाही, तेव्हा विश्वास उणा पडला काय? प्रार्थनेस गुडघे टेकले तरी शब्द फुटत नाहीत, हे पाप तर नव्हे? भावकीतील हिंदू आप्त तेराव्याचा आग्रह धरतात, त्यांना काय सांगावे? सुनेचे मंगळसूत्र उतरवावे की नाही? आणि ज्यांच्या नावे घर होते ते गेले, आता दप्तरी कोणाचे नाव लागणार? रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात मिशनचे काम आरंभिले, त्यास पावणेदोनशे वर्षे होत आली. तरीही शोकाच्या प्रसंगी आपली घरे अर्धी गावच्या रूढीने आणि अर्धी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या आधाराने चालतात, आणि या दोहोंच्या मधल्या जागी माणूस गोंधळून उभा राहतो. त्या गोंधळात जे उपयोगी पडेल तेवढेच येथे मांडले आहे.

पहिल्या दिवशी एवढेच पाहावे

मृत्यूनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत मोठे निर्णय घेऊ नयेत. घरातील ज्या व्यक्तीचे चित्त त्यातल्या त्यात स्थिर आहे, मग ती धाकटी मुलगी असो की जावई, तिच्या हाती कारभार द्यावा आणि पुढील गोष्टी तिने पाहाव्यात.

- दफनाची वेळ नातेवाइकांस कळविण्यापूर्वी पाळकांस विचारावी. वेळ आधी जाहीर होते आणि पाळक मात्र त्या दिवशी दुसऱ्या गावी असतात, असे पुष्कळदा घडते.
- मृत्यू घरी झाला असल्यास शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला त्याच दिवशी घ्यावा.
- अपघात, सर्पदंश, विषबाधा किंवा आत्महत्या असल्यास पोलीस ठाण्यास वर्दी देऊन पंचनामा व शवविच्छेदन होऊ द्यावे. ‘देहाची विटंबना कशाला’ असे म्हणून ते टाळावयास सांगणारे हितचिंतक भेटतात. पुढे विमा व भरपाई बुडते तेव्हा ते जवळ नसतात.
- पुण्या-मुंबईस असलेल्या मुलामुलींसाठी एक दिवस थांबण्यास ख्रिस्ती धर्माची कोणतीही हरकत नाही. शीतपेटीची व्यवस्था करावी आणि मुलास आईचे मुख पाहू द्यावे.
- त्या दिवशी कोणत्याही कागदावर सही करू नये, दागिने कोणाच्या हवाली करू नयेत आणि मयताचा मोबाईल बंद करू नये. बँकेचे व विम्याचे निरोप त्यावरच येतात.

दफनभूमीचा प्रश्न आधीच सोडवावा

उत्पत्तीच्या पुस्तकात सारा मरण पावते तेव्हा अब्राहाम प्रथम तिच्यासाठी शोक करतो व रडतो, आणि मग प्रेतापासून उठून हेब्रोनच्या वेशीत, गावच्या पंचांदेखत, एफ्रोन हित्तीकडून मकपेल्याचे शेत व गुहा चारशे शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतो. एफ्रोन ती जागा फुकट देऊ करीत होता. अब्राहामाने ती फुकट घेतली नाही. शोकात असताना जागेचा, पैशांचा व साक्षीदारांचा विचार करणे हे अश्रद्धेचे मानणाऱ्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा, कारण विश्वासाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्याने आपल्या शोकाच्या भरातही व्यवहार पक्का करून ठेवला आणि त्या एका व्यवहारामुळे तीन पिढ्यांस विसावा घेण्यास जागा मिळाली.

ही गोष्ट जुनी असली तरी प्रश्न जुना नाही. जानेवारी २०२५मध्ये छत्तीसगडमधील एका ख्रिस्ती मुलास वडिलांचा देह गावी पुरू दिला नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तोवर तीन आठवडे देह शवागारात होता. दोन न्यायमूर्तींचे मत भिन्न पडले, आणि अखेरीस गावापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर असलेल्या, ख्रिस्ती लोकांसाठी राखलेल्या दफनभूमीत तो पुरण्याचा आदेश झाला. आपल्याकडे परिस्थिती सुदैवाने इतकी बिकट नाही. परंतु वापर जुना आणि कागद मात्र नाही, अशी दफनभूमी असल्यास तंटा उभा राहण्यास एक बांधकाम पुरते. म्हणून मंडळीच्या पंचांनी दफनभूमीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून पाहावी, ती कोणाच्या नावे व कोणत्या प्रयोजनासाठी आहे याची खातरजमा करावी, आणि जागा अपुरी असल्यास नगरपरिषदेकडे लेखी अर्ज करावा. मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा उपलब्ध ठेवणे हे राज्याच्या नगरपरिषद अधिनियमाने नगरपरिषदेवर टाकलेले कर्तव्य आहे, कृपा नव्हे. अर्जाची पोच घेण्यास विसरू नये.

दहनाविषयीही वारंवार विचारणा होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दफन हा प्रघात आहे. दहन झाल्याने पुनरुत्थानास बाध येतो असे मानण्याचे कारण नाही, तरी पाळकांशी आधी बोलून घ्यावे. कॅथॉलिक धर्मपीठाने १९६३ साली दहनावरील बंदी उठविली, मात्र २०१६च्या आदेशाप्रमाणे रक्षा पवित्र स्थानीच ठेवावयाची असते. ती नदीत सोडणे, विखुरणे किंवा घरात वाटून घेणे धर्मपीठास मान्य नाही. मयताची स्वतःची इच्छा काय होती हे मात्र या सर्वांआधी आठवावे.

रडण्याने विश्वास उणा होत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण अनेक घरांत सर्वांत अधिक इजा याच बाबतीत होते. दफनभूमीवरून परतताना कोणीतरी विधवेच्या पाठीवर हात ठेवून सांगतो की बाई, रडू नका, ते प्रभूच्या घरी गेले, आपण आनंद मानावयाचा. आणि ती बिचारी त्या क्षणापासून दोन ओझी वाहू लागते, एक नवरा गेल्याचे आणि दुसरे आपल्याला आनंद होत नाही याचे. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. सल्ला मात्र वाईट असतो, आणि शास्त्राला धरून तर तो मुळीच नसतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय या दृष्टीने लक्षपूर्वक वाचावा. लाजर मरून चार दिवस झाल्यावर प्रभू बेथानीस पोहोचतो, तेव्हा मार्था व मरीया या दोघी बहिणी, एकीमागून एक, जवळजवळ एकाच शब्दांत त्याच्यापाशी गाऱ्हाणे करतात की तू येथे असतास तर भाऊ मेला नसता. हे सरळ सरळ दोष देणे आहे, आणि प्रभूने त्याबद्दल दोघींपैकी एकीसही दटावले नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला, कारण तिला बोलावयाचे होते. मरीया पायांशी पडून रडू लागली तेव्हा तिला त्याने कोणतेही प्रवचन दिले नाही, तो स्वतःच रडला. थोड्याच वेळात लाजराला आपण कबरेबाहेर हाक मारणार आहोत हे ठाऊक असताना तो रडला. पुनरुत्थानाची खात्री असणाऱ्याने रडू नये असा नियम असता, तर तो प्रथम त्याच्याकडूनच मोडला गेला असे म्हणावे लागेल.

पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा आधार घेऊनही शोकास मनाई केली जाते; परंतु पौल शोकाची मनाई करीत नाही, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नये एवढेच तो म्हणतो, आणि लगेच एकमेकांचे सांत्वन करावयास सांगतो. शोक आहे, म्हणूनच सांत्वनाची गरज आहे. यापोची दुर्कस मेली तेव्हा विधवा पेत्राभोवती उभ्या राहून रडत होत्या आणि तिने शिवलेले झगे व वस्त्रे त्याला दाखवीत होत्या. माणूस गेल्यावर त्याच्या हातचे काम हाती घेऊन रडणे किती जुने आहे, हे तेथे दिसते. आपल्या मृताची शाल, चष्मा, खूणचिठ्ठ्या घातलेले बायबल ही तात्काळ वाटून टाकण्याची घाई करू नये.

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजात याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी १८७४च्या सुमारास दुष्काळाच्या हालअपेष्टांत आई, वडील व थोरली बहीण गमावली, १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, आणि हे सर्व झाल्यानंतर, १८८३मध्ये, इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा स्वीकारल्यावर दुःखाचा हिशेब मिटला असेही झाले नाही. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्या आधी गेली, आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२मध्ये, रमाबाईंनी देह ठेवला. मधल्या त्या थोड्या महिन्यांत केडगावच्या मुक्तिसदनातील कामे व बायबलच्या मराठी भाषांतराचे शेवटचे काम त्यांनी सोडले नाही. विश्वास ठेवला म्हणून आपल्या घरी मृत्यू येणार नाही, असे अभिवचन ख्रिस्ती धर्म देत नाही, आणि जो उपदेशक ते देतो त्याच्यापासून जपून राहावे.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा वेगळी. १९१९ साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक गेले, टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, आणि ते पुढे नेण्याचे काम औपचारिक शिक्षणाचा गंध नसलेल्या या बाईंनी अंगावर घेतले. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात त्यांनी गेलेल्या नवऱ्याचे दोष झाकले नाहीत, त्याच्या विक्षिप्तपणावर मनमुराद हसल्या आणि तरीही प्रेमाला कोठे उणेपणा येऊ दिला नाही. मयताविषयी केवळ गोडच बोलावे हा संकेत आपण उगीच पाळतो. गेलेला माणूस रागीट होता, कंजूष होता, हे आठवून हसू आले तर हसावे. त्याने मृताचा अपमान होत नाही.

प्रार्थना सुचत नसेल तर

शोकाच्या पहिल्या आठवड्यांत पुष्कळांची प्रार्थना आटते. त्याविषयी घाबरून जाऊ नये. जेथे आपल्याला शब्द सापडत नाहीत तेथे आत्मा आपल्यासाठी अनिर्वाच्य कण्हण्याने विनंती करतो, हे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने लिहून ठेवलेच आहे. व्यवहारात पुढीलप्रमाणे करता येते.

- दिवसातून एकदा, ठरावीक वेळी, प्रभूची प्रार्थना म्हणावी, आणि तीही म्हणवत नसेल तर दुसऱ्याने म्हणावी व आपण ऐकावे. तेवढे पुरेसे आहे.
- वाचन थोडे ठेवावे. पहिल्या दिवसांत स्तोत्र २३ आणि योहान १४ यांपलीकडे जाण्याची निकड नाही.
- मनात राग असेल तर स्तोत्र १३ आणि ८८ वाचावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अखेरपर्यंत अंधारातच राहते, शेवटी कोठेही सूर पालटत नाही. असे स्तोत्र शास्त्रात राखले गेले, याचाच अनेकांस आधार वाटतो.
- ईयोबाचे पुस्तक पहिल्या महिन्यात एकट्याने वाचू नये. त्यातील मित्रांची भाषणे आपल्या मनातील अपराधभावास खतपाणी घालतात. ते सोबतीने, पुढे कधीतरी वाचावे.
- गाता येत नसेल तर मंडळीत नुसते बसावे. पुढच्या बाकावर बसण्याचा नेम असेल तर काही रविवार मागे बसावे, म्हणजे मध्येच उठता येते.

मयतासाठी प्रार्थना करावी काय, यावर मतभेद आहेत आणि ते लपविण्यात अर्थ नाही. कॅथॉलिक घरांत मृतांसाठी मिस्सा सांगितली जाते व २ नोव्हेंबर हा दिवस त्यांच्या स्मरणास राखलेला असतो. प्रॉटेस्टंट मंडळ्या मृताबद्दल उपकारस्तुती करतात व मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. एकाच कुटुंबात दोन्ही परंपरा असल्यास दोन्ही उपासना वेगवेगळ्या होऊ द्याव्यात आणि जेवणास एकत्र बसावे.

दोन प्रसंगी कुटुंबे विशेष घाबरलेली असतात. पहिला आत्महत्येचा. अशा मयतास ख्रिस्ती विधी मिळत नाही ही समजूत जुन्या काळची आहे. कॅथॉलिक धर्मसंहितेतूनही १९८३मध्ये ती मनाई गेली, आणि ज्याचे मन आजाराने खचले त्याचा न्याय आपण करावयाचा नसतो. पाळकांस सत्य सांगावे, लपवू नये. दुसरा प्रसंग बाप्तिस्मा न झालेल्या बाळाचा. दाविदाने आपले तान्हे मूल गेल्यावर मी त्याच्याकडे जाईन असे धीराने म्हटले, त्या मुलाचा कोणताही विधी झाल्याची नोंद शमुवेलाच्या पुस्तकात नाही. बाळाचे नाव ठेवावे, प्रार्थनेसह दफन करावे आणि आईला दफनभूमीत येऊ द्यावे.

सांत्वनास जाणाऱ्यांनी

ईयोबाचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोपर्यंत त्यांचे वर्तन निर्दोष होते. ते बोलू लागले तेव्हा बिघडले. ‘देवाची इच्छा’, ‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात’, ‘तुमच्या हातून काही चुकले असेल’, ‘अजून वय आहे, दुसरे मूल होईल’ ही वाक्ये जिभेवर आली तर गिळावीत. त्याऐवजी दोन्ही वेळच्या भाकरी-आमटीची पाळी मंडळीतील घरांनी वाटून घ्यावी, शाळेत मुलांना पोचवावे, नगरपरिषदेत किंवा बँकेत सोबत जावे, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या महिन्यात जावे. पहिल्या आठवड्यात घरात पाय ठेवण्यास जागा नसते. तिसऱ्या महिन्यात कोणी येत नाही. पहिला नाताळ आणि पुनरुत्थानाचा पहिला रविवार हे त्या घरास फार जड जातात, हे पंचांनी डायरीत लिहून ठेवावे.

तेरावे, मंगळसूत्र आणि भावकी

या भागातील बहुतेक ख्रिस्ती घरांची नाळ हिंदू भावकीशी अजून जुळलेली आहे आणि ती तोडावी असे कोणीही शहाणा माणूस सांगणार नाही. तेराव्याचा आग्रह झाला तर स्पष्ट पण नरम शब्दांत सांगावे की आमच्यात पिंडदान होत नाही, मात्र त्या दिवशी आठवणीची प्रार्थना आहे, आपण यावे व जेवून जावे. बहुतेक भांडणे एवढ्याने शमतात. आप्तांनी आपल्या घरी आपल्या रीतीने काही केले तर त्यांच्याशी हुज्जत घालू नये. कर्ज काढून जेवणावळ मात्र कोणत्याही नावाने घालू नये, मग ती तेराव्याची असो की वर्षस्मरणाची.

विधवेच्या बाबतीत इतका नरमपणा नको. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र हिसकावणे, तिला शुभकार्यात मागे ठेवणे हे ख्रिस्ती म्हणविणाऱ्या घरांतही चालते, ही लाजेची गोष्ट आहे. बेळगावच्या बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे हाल मराठी वाचकांपुढे मांडले. ख्रिस्ती समाजाने त्याच रूढी जपाव्यात यास काय म्हणावे? आपल्याच जिल्ह्यातील, शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींस तो कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. चर्चच्या पंचसभेने असा ठराव का करू नये? तोपर्यंत नियम सोपा ठेवावा: मंगळसूत्र ठेवायचे की उतरवायचे, कोणती साडी नेसायची, पुनर्विवाह करायचा की नाही, हे ती ठरवील. घरातील दुसऱ्या कोणास त्यावर बोलण्याचा अधिकार नाही.

दाखले, वारस आणि हक्क

मृत्यूची नोंद मृत्यू जेथे झाला तेथे होते, राहते घर कोठे आहे त्यावरून नव्हे. वडगावात घरी मृत्यू झाल्यास वडगाव नगरपरिषद, कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात झाल्यास कोल्हापूर महानगरपालिका, मिरजेच्या रुग्णालयात झाल्यास सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका, असा हिशेब आहे. हे ठाऊक नसल्याने लोक भलत्याच कचेरीत खेपा घालतात. मुदत २१ दिवसांची आहे. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. रुग्णालयातील मृत्यूची वर्दी रुग्णालयाने द्यावयाची असते, तरी ती गेली की नाही हे विचारावे, आणि नावाचे स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून मगच दाखल्याच्या प्रती घ्याव्यात. चर्चच्या नोंदवहीतील दफनाची नोंद जपून ठेवावी, परंतु ती सरकारी दाखल्याची जागा घेत नाही.

मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती व्यक्तीच्या मालमत्तेची वाटणी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे होते. हिंदू वारसा कायदा लागू होत नाही. थोडक्यात ती अशी:

- पती किंवा पत्नी व मुले मागे असल्यास जोडीदारास एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींत सारखे. लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो.
- मुले-नातवंडे नसून इतर रक्ताचे नातलग असल्यास जोडीदारास अर्धा. तेही कोणी नसल्यास सर्व.
- मुले असल्यास मयताच्या आईवडिलांस या कायद्याने हिस्सा मिळत नाही. म्हातारे आईवडील ज्याच्यावर अवलंबून आहेत त्याने म्हणूनच मृत्युपत्र करून ठेवावे.

मृत्युपत्रास दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही द्यावयाचे आहे त्याने अथवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार म्हणून सही करू नये, अन्यथा तेवढे दान रद्द ठरते. आणि मृत्युपत्रानंतर विवाह केल्यास जुने मृत्युपत्र आपोआप संपते, हे विधुरांनी विशेष ध्यानात ठेवावे. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे. ‘माझे नाव आहे, पैसे माझे’ असे म्हणणाऱ्या थोरल्या भावास हे सौम्यपणे सांगावे. ठेवी व शेअर्ससाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र आणि इतर कामांसाठी १८२७च्या मुंबई विनियम ८ खालील वारस दाखला दिवाणी न्यायालयातून मिळतो. शेतजमीन असल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि फेरफारात बहिणींची नावे गाळली गेली नाहीत ना, हे स्वतः वाचून पाहावे. हक्कसोडपत्रावर शोकाच्या दिवसांत बहिणींच्या सह्या घेण्याचा जो प्रघात पडला आहे, तो प्रार्थनेने सुरू होणाऱ्या बैठकांतही पाहावयास मिळतो. निदान वर्षभर तरी अशा कागदास हात लावू नये.

मयताचे पासबुकही चाळावे. वर्षातून एकदा ४३६ रुपये वजा झालेले दिसल्यास ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे असण्याचा संभव आहे, आणि विमा चालू असल्यास वारसांस दोन लाख रुपये मिळतात. २० रुपयांची वजावट अपघात विम्याची असते. दारिद्र्यरेषेखालील घरातील १८ ते ५९ वयाची कमावती व्यक्ती गेल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २० हजार रुपयांचे साह्य मिळते, त्यासाठी हातकणंगले तहसील कचेरीत अर्ज करावा.

शोक लांबला तर

वर्षस्मरणापर्यंत दुःख सरले पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही. तरी सहा महिने लोटूनही झोप, अन्न, काम यांपैकी काहीच रुळावर येत नसेल, मयताचे कपडे रोज मांडून ठेवले जात असतील, मद्य वाढले असेल किंवा आपणही जावे असा विचार मनात घोळत असेल, तर पाळकांबरोबरच डॉक्टरांकडेही जावे. लूक, ज्याच्या नावाचे शुभवर्तमान आपण वाचतो, तो परंपरेने वैद्य मानला गेला आहे. मनाच्या आजाराचे औषध घेतल्याने प्रार्थनेचा अपमान होतो ही समजूत टाकून द्यावी. याच दिवसांत करणी झाली आहे असे सांगणारे, मृताचा आत्मा बोलावून देतो म्हणणारे आणि उपवास-प्रार्थनेच्या नावाखाली देणगी मागणारे दाराशी येतात. पहिल्या दोघांविरुद्ध राज्यात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तिसऱ्यास पंचांसमोर या असे म्हटले म्हणजे तो बहुधा परत येत नाही.

ज्यांना डॉक्टरांकडे लगेच जाणे जमत नाही त्यांनी केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरात सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा. तो चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि फोन करण्यास पैसे पडत नाहीत.